नववा आकडा

१

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे दिवसभर माझा जीव दुसऱ्याच्या हातात आणि माझा पाय शेजारच्या जादा ब्रेकवर. वीस वर्षांत एकदाही किंचाळलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून मला भित्रा समजाल.

सकाळचे शिकाऊ बाराला संपतात, संध्याकाळचे सहाला सुरू होतात. मधला वेळ बाबांचा. तीन महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता उठवा, पण बाबा काही उठेनात. आग्रह केला की डोळे मिटून घ्यायचे. चारला त्यांची उशी उंच करायची, चहा द्यायचा, पाचला पाय चोळायचे आणि मी कामावर निघायचं, असं आमचं चाललं होतं. बोलणं फारसं नव्हतंच. त्यांचा जन्म आकड्यांत गेला आणि मी गणितात ढ. सातवीत नापास झालो तेव्हा त्यांनी मारलं नाही, नुसतं बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्या दिवशी मी कप त्यांच्या हातात देतोय, तोच बाहेर फाटकाशी कुणीतरी म्हणालं, "सात."

पुरुषाचा आवाज होता, सावकाश, थोडा घोगरा. कुणी पत्ता शोधत असेल म्हणून मी खिडकीतून डोकावलो. फाटक बंद होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वळून बघतो तर बाबा ताठ झालेले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे जागे दिसले.

"अखंड," ते म्हणाले.

मी विचारलं, काय अखंड? त्यांनी कप तोंडाला लावला. पाचला मी पाय चोळत असताना बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. लाकडी खुर्ची, दगडावरून, एकदाच. आमच्याकडे बाहेर खुर्ची नाही.

२

दुसऱ्या दिवशी चारला "तीन" असं ऐकू आलं. या वेळी फाटकाच्या आतून.

"त्र्याहत्तर," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "अखंड."

मी बाहेर जाऊन घराला दोन चकरा मारल्या. शेजाऱ्यांचा रेडिओ असेल, असं स्वतःला सांगितलं. शेजारी गावाला गेलेत हे मला ठाऊक होतं, पण रेडिओ चालू ठेवून गेले असतील, असंही सांगून टाकलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

माझी बायको घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चालू असतं. पाच वाजता ते मशीन मधेच थांबलं. मी गेलो तर ती हातातलं कापड तसंच धरून अंगणाकडे बघत होती.

"अहो, खुर्ची कोण ओढतंय?" तिनं विचारलं.

तिलाही ऐकू येतंय म्हटल्यावर मला आधी बरं वाटलं, आणि मग अजिबात बरं वाटलं नाही.

३

तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवरून "नऊ" आलं आणि बाबांनी "सातशे एकोणचाळीस, अखंड" म्हटलं, तेव्हा बायकोनं सरळ त्यांच्याजवळ बसून विचारलं. मला जे वीस वर्षांत जमलं नसतं ते तिनं कपभर चहात काढून घेतलं.

बाबांच्या कार्यालयात भाजकांची कोष्टकं तयार व्हायची. कुठली संख्या कशानं भागली जाते, याची जाडजूड पुस्तकं. काम जोडीनं चालायचं. एकानं संख्या वाचायची, दुसऱ्यानं ती फोडायची, म्हणजे तिचा भाजक शोधायचा. फुटली तर भाजक बोलायचा. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भागली गेली नाही तर म्हणायचं, अखंड. बाबा फोडणारे. वाचणारा गृहस्थ आमच्या घरीही यायचा. बाबा त्याला नावानं कधी हाक मारत नसत, नुसतं जोडीदार म्हणत.

कामाचा कंटाळा आला की त्यांचा एक डाव असायचा. चारला जोडीदार एक आकडा बोलायचा. फोडता आला नाही तर पाचला तो आपली खुर्ची एक फरशी पुढे ओढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच संख्येच्या शेवटी आणखी एक आकडा जोडायचा, पुन्हा फोडायचं आव्हान. फुटली तर त्यानं खुर्ची मुकाट्यानं जागेवर न्यायची. आणि न फुटता ती बाबांच्या टेबलाला टेकली तर बाबा हरले.

"हरल्यावर काय?" बायकोनं विचारलं.

"उठायचं," बाबा म्हणाले. "आणि त्याच्याबरोबर जायचं."

कार्यालयात असताना ते खालच्या चहावाल्याकडे जायचे. आता कुठे, हे तिनं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. जोडीदाराला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या अंत्ययात्रेला मी स्वतः होतो.

४

चौथ्या दिवशी ओटीवरून "तीन". पाचव्या दिवशी "नऊ", आणि ते घराच्या आत, बायकोच्या मशीनशेजारून. ती जागेवरून उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दिसत काहीच नव्हतं. खोलीत ऊन होतं, कापडाचे तुकडे होते, दोऱ्याची रिळं होती. पाचला खुर्ची फरशीवरून करकरत गेली तेव्हा एक रीळ टेबलाखाली घरंगळत गेलं.

"त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. अखंड," आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला होता. सांगताना वाईट वाटतं, पण त्या आवाजात कौतुक होतं. एखाद्यानं छान गाणं म्हटल्यावर आपण मान डोलावतो तसं.

मी म्हटलं, बाबांना उचलून ताईकडे नेऊ. माझी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. बाबांनी मान हलवली. डाव अर्धा टाकून जाता येत नाही, म्हणाले, आणि तो तिथेही येईल, फक्त तिथल्या माणसांना काय चाललंय ते कळणार नाही.

मग मी चिडलो. म्हटलं, खोटंच सांगा ना, फुटली म्हणून. कोण बघतंय?

"भाजक सांगितल्याशिवाय फुटली म्हणायचं नाही," बाबा म्हणाले. "बत्तीस वर्षं मी खोटा भाजक बोललो नाही."

मी हात टेकले.

५

सहाव्या दिवशी बोळातून "एक". सातव्या दिवशी बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यातून "तीन".

मी कॉटवर त्यांच्या पायाशी बसलो होतो आणि तो आवाज माझ्यापासून चार हातांवर होता. मी बाबांचा पाय घट्ट धरला. बाबा मात्र दाराकडे बघत शांतपणे म्हणाले, "त्र्याहत्तर लाख, त्र्याण्णव हजार, नऊशे तेरा." आणि बऱ्याच वेळानं, "अखंड."

तो आवाज गेल्यावर, म्हणजे गेला असं मला वाटल्यावर, बाबांनी त्यांचे बूट मागितले. काळे, नाडीचे, तीन महिने कपाटाखाली पडून होते. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, पुसून ठेव. इस्त्रीचा सदराही काढून ठेव.

मी बूट पुसले. पुसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि रागही आला. डॉक्टरसाठी उठले नाहीत, माझ्यासाठी उठले नाहीत, आणि त्या मेलेल्या माणसासाठी बूट घालायला तयार. मला वाटलं, यांना जायचंच आहे. तिथे आकडे कळणारा कुणीतरी आहे. इथे मी आहे.

६

आठव्या दिवशी मी सगळे शिकाऊ रद्द केले.

चारला कपाटाजवळून आवाज आला. "तीन."

"सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहेतीस," बाबा म्हणाले आणि हसले. खरंच हसले. "आला बघ. मला वाटलंच होतं हीच काढणार म्हणून."

ही संख्या दोघांनी मिळून शोधली होती, त्यांनी सांगितलं. कित्येक वर्षांच्या दुपारच्या सुट्ट्या त्यात गेल्या. हजारावर भाजक लावून बघितले, एकही लागला नाही. आणि गंमत अशी, की शेवटचा आकडा झाकला तरी उरलेली अखंड. पुन्हा झाका, पुन्हा अखंड. झाकत झाकत थेट सातापर्यंत. बोलता बोलता बाबा उशीवरून वर सरकले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं, हे मला लहानपणी का नाही सांगितलं? सांगितलंही असेल. मीच ऐकलं नसेल.

"अशा संख्यांत हिच्याएवढी मोठी दुसरी नाही," ते म्हणाले. "हिच्यापुढे कुठलाही आकडा लाव, ती फुटतेच."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग सुटलो की. उद्या नववा आकडा लावला की फुटणारच.

बाबांचं हसू गेलं. "फुटणार. पण कशानं, ते सांगावं लागेल. सम आकडा किंवा पाच तो लावणार नाही, तो पोरखेळ झाला. एक किंवा सात लावला तर तीनानं जाते. पण तीन आणि नऊसाठी आम्हाला भाजक सापडले होते, ते मला आठवत नाहीत. पडल्यापासून डोक्यातून आकडे सांडतात रे."

पाचला खुर्ची ओढली गेली. बायकोनं नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर चार कोरडे ठिपके होते, पावलीएवढे, कॉटपासून वीतभर अंतरावर. त्यांच्यापुढे दोन लांबट कोरडे डाग होते, बुटांच्या मापाचे, टाचा जुळवलेल्या. फरशी वाळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत उभा होतो. मग सगळंच कोरडं झालं आणि काही दिसेना.

७

नवव्या दिवशी चारला तो आवाज उशीजवळून आला. मी बाबांचा हात धरून बसलो होतो.

"तीन."

"त्र्याहत्तर कोटी, त्र्याण्णव लाख, एक्क्याण्णव हजार, तीनशे तेहेतीस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "आकड्यांची बेरीज एक्केचाळीस. तीनानं नाही. सातापासून सुरू कर."

बायकोनं तिचं मापांसाठी घेतलेलं छोटं कॅल्क्युलेटर आणलं होतं. मी आकडे दाबले, सातानं भागलं, दशांशाचं शेपूट आलं. बाबा म्हणाले, दशांश चालत नाही, बाकी सांग. मग काय, मी पडद्यावरची संख्या वहीत उतरवली, बायकोनं ती माझ्या वहीतून तिच्या वहीत उतरवली, आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे भागाकार करायला बसलो. एक भाजक तिला, एक मला. प्रत्येक बाकी भाजकासमोर लिहायची, हा बाबांचा दंडक.

सात, बाकी दोन. अकरा, बाकी चार. तेरा, बाकी आठ. माझ्या बोटांना घाम सुटला होता. मी मधेच एक्क्याण्णव घेतले.

"एक्क्याण्णव म्हणजे सात तेरे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "सातानं गेली नाही ती एक्क्याण्णवनं कशी जाईल, गधड्या?"

सातवीनंतर मला त्यांनी गधड्या म्हटलं नव्हतं. मी ते खोडलं आणि सत्त्याण्णव घेतले. उशीजवळ कुणीतरी श्वास घेत होतं. बायकोनं मान वर केली नाही, पण तिच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

पाचला दहा मिनिटं होती तेव्हा आम्ही एकशे एकोणचाळीसपर्यंत आलो होतो. एकतीस भागाकार झाले आणि एकही निःशेष नाही. बाबांनी उजवा पाय चादरीबाहेर काढला. तीन महिन्यांत जो पाय हलला नव्हता तो कॉटवरून खाली आला आणि बुटाला लागला.

"बाबा, पाय वर घ्या," मी म्हटलं.

"बाक्या वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

आम्ही आळीपाळीनं वाचायला लागलो. साताला दोन, अकराला चार. त्यांनी एकदम हात वर केला.

"अकराला चार कशी? कालच्या संख्येला अकराची बाकी चार होती. संख्या वाच. एकेक आकडा."

मी वाचली. सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. आणि संपली. आठच आकडे. मी कॅल्क्युलेटर उचलून बघितलं. त्याच्या पडद्यावर आठच घरं होती. नववा आकडा त्यानं घेतलाच नव्हता, मी तसाच उतरवला होता, आणि पाऊण तास आम्ही दोघं कालचीच संख्या फोडत बसलो होतो. जी कशानंच फुटत नाही.

आठ मिनिटं उरली होती. मी वही फाडणार होतो, एवढं मला आठवतं.

"टाकू नकोस," बाबा म्हणाले. ते आता कॉटच्या कडेला बसले होते, दोन्ही पाय खाली. "सगळं करून झालंय तुझं. प्रत्येक बाकीच्या पुढे तीन लिही आणि तेवढ्यालाच भाग. कालची संख्या संपली तिथून पुढचा एकच आकडा उतरवायचा राहिलाय."

मला ते समजायला दोन क्षण लागले, बायकोला लागले नाहीत. तिनं वाचायला सुरुवात केली. साताला दोन, पुढे तीन, तेवीस, नाही. अकराला चार, त्रेचाळीस, नाही. तेराला आठ, त्र्याऐंशी, नाही. एक ओळ ती, एक मी. एकेका ओळीला पंधरा-वीस सेकंद लागत होते. पंधरा ओळी झाल्या, वीस झाल्या. बाबांनी एका पायात बूट घातला होता. ते त्यांनी मुद्दाम केलं की आपोआप झालं, कुणास ठाऊक. एकशे तेराला एकोणसत्तर, सहाशे त्र्याण्णव, नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारापाशी आला आणि फरशीवर खुर्चीचा पाय करकरला.

पुढची ओळ माझ्या वहीत होती. एकशे सत्तावीसला एकशे चौदा. पुढे तीन. अकराशे त्रेचाळीस.

एकशे सत्तावीस नव्वे किती, हे मी बोटांवर मोजलं. लाज वाटली नाही.

"एकशे सत्तावीस," मी म्हणालो. मग मोठ्यानं पुन्हा म्हणालो. "एकशे सत्तावीसनं फुटली. बाकी शून्य."

८

काहीच झालं नाही. मी, बायको आणि बाबा, तिघंही कॉटच्या लोखंडी पायाकडे बघत होतो. तिथे फरशीवर पांढरा ओरखडा होता, बोटभर, कॉटला टेकता टेकता थांबलेला.

मग उशीजवळून एक सुस्कारा आला. रागाचा नव्हता, एवढं नक्की. कामावरून उठताना थकलेला माणूस सोडतो तसा. आणि खुर्ची मागे ओढली जाऊ लागली. कपाटाशी गेली, उंबऱ्यावर तिचा पाय अडखळला, बोळातून गेली, मशीनशेजारून गेली. ओटी. पायऱ्यांवर टक, टक, टक. अंगण. फाटकाची कडी आम्ही सकाळीच लावली होती. ती वाजली नाही. आवाज गल्लीतून बराच वेळ ऐकू येत राहिला, बारीक होत होत, आणि मग एक सायकल घंटी वाजवत गेली तेव्हा तो संपला होता.

बायको मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग म्हणाली, कॅल्क्युलेटर आधी फेकून द्या. मी हसलो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. गाडी खांबाला घासून वाचते तेव्हा शिकाऊ लोक असेच वेड्यासारखे हसतात.

बाबा हसत नव्हते. ते कॉटच्या कडेला तसेच बसले होते, एका पायात बूट, हात माझ्या खांद्यावर. हाताचा भार मला जाणवत होता. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. इतक्या वर्षांचा सोबती हरून परत गेला. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला त्याच्याबरोबर जायचं होतं ना?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सातवीत बघितलं होतं तसं नाही.

"मला जायचं नव्हतं रे," ते म्हणाले. "नऊ दिवस मला फार भीती वाटत होती."

आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना धरून बसलो आणि त्या संध्याकाळी कामावर गेलो नाही.